आंबेमोहोराचा भाव कसा विचारायचा: प्रकल्प नोंदी

9 सप्टेंबर 2024

मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे आंबेमोहोर तांदूळ पिकवणाऱ्या शेतकरी गटाची बैठक झाली. यंदा पहिल्यांदाच व्यापाऱ्याला भात न घालता गट स्वतःच्या नावाने पुण्यात तांदूळ विकणार आहे. गटातल्या आबांनी सरळ विषयाला हात घातला. “ताई, पुण्यातला माणूस आंबेमोहोराला किलोमागं किती देईल? तेवढं काढून द्या, बाकी आम्ही बघतो.”

पाहणी कोणत्या पद्धतीने करायची हे लगेच ठरवायचं नाही असं मी सुचवलं. आधी निर्णय कोणता घ्यायचाय ते लिहून काढलं: एक किलोच्या पिशवीवर कोणता आकडा छापायचा. सुट्टा भाव, दुकानदाराचं कमिशन, पुढच्या वर्षीचा भाव हे सगळं बाजूला. ज्या माहितीने हा आकडा हलणार नाही ती माहिती गोळा करायची नाही, यावर सगळ्यांची मान डोलली.

मग खालची मर्यादा काढली. शंभर किलो भात गिरणीत घातला की साठ ते पासष्ट किलो तांदूळ हाती येतो. आम्ही 62 धरला. म्हणजे एक किलो तांदळाला सुमारे 1.6 किलो भात. सभासदाला भाताचे किलोला 50 रुपये द्यायचं ठरलंय, तर 80 रुपये तिथेच गेले. भरडाई, पिशवी, टेम्पो, पुण्यातली जागा आणि माणूस धरून 105 पर्यंत जातं, जीएसटी वेगळा. 105 च्या खाली ग्राहक काय म्हणतो याचा आम्हाला उपयोग नाही. भाव तिथे उतरला तर सभासद पुढच्या खरिपात इंद्रायणी लावतील आणि त्यात त्यांची काही चूक नसेल. आंबेमोहोर उंच वाढतो, परतीच्या पावसात आडवा होतो, उताराही कमी. इंद्रायणी वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून 1987 मध्ये आली ती आंबेमोहोर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून. वास बराचसा राखला आणि उतारा वाढला. मुळशीच्या खाचरांतून जुना आंबेमोहोर मागे पडला त्याचं मोठं कारण हेच.

आणखी एक गोष्ट आजच लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. माल थोडा आहे. सगळ्या पुण्याला पुरवायचा नाही.

12 सप्टेंबर

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे वही घेऊन उभं राहायचं आणि “या तांदळाला किलोला किती द्याल?” असं विचारायचं. कोथरूडमधल्या शेतकरी आठवडे बाजारात तसं थोडा वेळ विचारून पाहिलं. आकडे जमवायचे नव्हते, लोक उत्तर कसं देतात ते ऐकायचं होतं.

एका काकांनी तांदूळ तळहातावर घेतला आणि म्हणाले, “ऐंशी.” मी काहीच बोलले नाही. थोडं थांबून तेच म्हणाले, “बरं, शंभर घ्या.” हा भाव नव्हे, घासाघिशीची पहिली बोली आहे. मंडईत वाढलेला माणूस ‘किती द्याल’ ऐकलं की खालून सुरुवात करतो, आणि ते त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे.

नंतर हाच प्रश्न गटातल्या दादांनी स्वतः विचारला. समोरच्या ताई म्हणाल्या, “तुमच्या कष्टाला दोनशेसुद्धा कमीच आहेत हो.” अगदी मनापासून म्हणाल्या. शेतकऱ्याच्या तोंडावर कमी आकडा सांगणं त्यांना बरं वाटेना.

म्हणजे प्रश्न तोच, तांदूळ तोच, आणि विचारणारा बदलला की उत्तर उलट्या दिशेला झुकतं. यावरून दोन गोष्टी पक्क्या केल्या. उघडा प्रश्न विचारायचा नाही, आणि गटातल्या कुणीही पाहणीच्या वेळी समोर असायचं नाही. कृषी महाविद्यालयातल्या दोन मुली मुलाखती घ्यायला तयार आहेत. त्यांना ‘आम्ही गटाकडून आलोय’ असंही म्हणायचं नाही, ‘तांदळाच्या खरेदीची पाहणी आहे’ एवढंच.

तोंडी सांगितलेली किंमत आणि खिशातून निघालेली किंमत यांतल्या फरकावर पुष्कळ संशोधन झालंय. लिस्ट आणि गॅलेट यांनी 2001 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा तोंडी आकडा सरासरीने सुमारे तिप्पट निघाला. मर्फी आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये तसंच केलं, त्यांना मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) 1.35 पट मिळाला. दोन्ही आकलनं प्रामाणिक आहेत आणि एकमेकांपासून इतकी दूर. त्यामुळे ‘आलेल्या आकड्याला अमुकने भागा’ असा ठोकताळा मी गटाला देणार नाही. आमच्या तांदळाचा, आमच्या गिऱ्हाइकाचा फरक आम्हालाच मोजावा लागेल.

17 सप्टेंबर

उद्यापासून पितृपक्ष. त्याआधी दुकानं पाहून घेतली.

‘आंबेमोहोर’ अशी पाटी लावलेली पोती बहुतेक किराणा दुकानांत आहेत. त्यात खरा आंबेमोहोर किती, हा निराळा विषय. आंध्रकडचा जिराशंकर आणि मध्य प्रदेशातला जवाफूल हे दिसायला जवळचे, आखूड दाण्याचे, वासाचेही, आणि ते आंबेमोहोर म्हणून विकले जातात हे तांदळाच्या बाजारात सगळ्यांना माहीत आहे. मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन आहे, पण दुकानात पोत्यात हात घालणाऱ्या बाईला ते कुठून दिसणार?

पाहणीच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा आहे. लोकांना नुसतं ‘आंबेमोहोर’ म्हटलं तर ते दुकानातल्या पोत्याची किंमत सांगतील. आमच्या तांदळाची किंमत हवी असेल तर तो तांदूळ त्यांच्या नाकापर्यंत पोहोचला पाहिजे. फोनवरून किंवा व्हॉट्सअपवर फॉर्म पाठवून हे काम होणार नाही. स्वस्त पडलं असतं, तरीही नाही.

आणि नाकाचा विषय निघाला की हंगामाचा निघतो. सध्या गटाकडे आहे तो गेल्या वर्षीचा तांदूळ. भात मोकळा होतो, पण वास उतरलाय. नवा तांदूळ नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. म्हणून काम दोन टप्प्यांत: आत्ता कागदावरची पाहणी, नवा तांदूळ आला की खऱ्या पैशांची.

23 सप्टेंबर

पहिल्या टप्प्यात कोणत्या आकड्यांच्या दरम्यान विचारायचं हे ठरवण्यापुरती व्हॅन वेस्टेनडॉर्प यांची पद्धत घेतली. डच अर्थतज्ज्ञ पीटर व्हॅन वेस्टेनडॉर्प यांनी ती 1976 मध्ये मांडली. माणसाला एका किमतीऐवजी चार विचारायच्या. मुलींसाठी लिहून दिलेले प्रश्न असे:

कोणत्या भावाला हा तांदूळ तुम्हाला महाग वाटेल, तरी विचार करून घ्याल?
कोणत्या भावाला इतका महाग वाटेल की घेणारच नाही?
कोणत्या भावाला ‘चांगला मिळाला’ असं वाटेल?
आणि कोणत्या भावाला इतका स्वस्त वाटेल की मालाबद्दलच शंका येईल?

चारही उत्तरांच्या वक्ररेषा एका आलेखावर काढल्या की त्या जिथे एकमेकींना छेदतात त्यांतून मान्य किमतींचा पट्टा मिळतो. पुष्कळ ठिकाणी मधल्या छेदबिंदूला ‘योग्य किंमत’ म्हणून मोकळे होतात. ते मला पटत नाही. या चार प्रश्नांत ‘घ्याल का’ हा प्रश्न कुठेच नाही. महाग वाटणं आणि न घेणं यांत अंतर आहे. पाहुणे यायचे असतील तर माणूस महाग म्हणत म्हणत घेतो.

तरी चौथ्या प्रश्नासाठी ही पद्धत आम्हाला हवीच होती. आज थोड्याच मुलाखती झाल्या, पण त्या प्रश्नावर लोक थबकत होते आणि मग अगदी ठाम बोलत होते. कर्वेनगरच्या एका आजी म्हणाल्या, “नव्वदला दिलात तर तो आंबेमोहोर नाहीच. मी लहानपणी खाल्लाय तो, मला सांगू नका.” स्वस्तातल्या नकली मालाने खऱ्या मालाची खालची मर्यादा अशी वर उचलून ठेवली आहे. गटातल्या काहींचा विचार होता की पहिल्या वर्षी कमी भाव ठेवून नाव करावं. त्यांना ही उत्तरं वाचून दाखवणार.

यातून पुढच्या टप्प्यासाठी पट्टा ठरवला: 110 ते 190 रुपये.

30 सप्टेंबर

कॉन्जॉइंट नावाच्या पद्धतीने पाहणी करायची की नाही यावर आज दिवस गेला. सल्ला देणाऱ्या एका मित्राचा आग्रह होता, आणि त्याचा मुद्दा वजनदार आहे. या पद्धतीत किंमत एकटी विचारत नाहीत. छापील कार्डावर तीन पिशव्या समोर मांडायच्या, एकीत मुळशीचा पॉलिश केलेला तांदूळ, दुसरीत मुळशीचाच हातसडीचा, तिसरीत साधा, प्रत्येकीवर वेगळी किंमत, आणि ‘यांतली कोणती घ्याल, की एकही नाही?’ असं विचारायचं. दुकानात माणूस करतो तेच. अशा बऱ्याच निवडी झाल्या की कोणत्या गुणाला माणूस किती रुपये मोजतो ते गणिताने सुटं करता येतं. विपणनात ही पद्धत पॉल ग्रीन आणि विठला राव यांनी 1971 मध्ये आणली, आणि निवडीच्या गणिताचा पाया घालणारे डॅनियल मॅकफॅडन यांना 2000 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पद्धतीच्या ताकदीबद्दल मला शंका नाही.

ती परवडलीही असती. प्रतिसादकांच्या संख्येसाठी एक प्रचलित अंदाज आहे: माणसांची संख्या, प्रत्येकाला दाखवलेले संच आणि संचातले पर्याय यांचा गुणाकार करायचा, सगळ्यात जास्त पातळ्या (म्हणजे वेगवेगळे आकडे किंवा प्रकार) असलेल्या गुणाच्या पातळ्यांनी भागायचं, उत्तर 500 च्या वर हवं. आठ संच, तीन पर्याय, किमतीच्या चार पातळ्या धरल्या तर 84 माणसांत भागतं.

तरी सोडली. कारण निर्णय. गटाकडे यंदा एकच भात आहे, एकाच गिरणीतून निघणार आहे, एकाच मापाच्या पिशवीत जाणार आहे. हातसडीला लोक किती जास्त देतात हे कळून यंदा काहीही बदलणार नाही. शिवाय छापील कार्डावर वास दाखवता येत नाही, आणि आमच्या मालाचा सगळा दावा वासाचा आहे. पुढे कधी गटाला दोन-तीन प्रकार काढायचे झाले, तेव्हा कॉन्जॉइंटच करावं, असा शेरा मारून फाइल बंद केली.

7 ऑक्टोबर

मुख्य प्रश्नावलीसाठी गॅबोर आणि ग्रेंजर यांची पद्धत. आंद्रे गॅबोर आणि क्लाइव्ह ग्रेंजर यांनी 1960 च्या दशकात नॉटिंगहॅममध्ये ती घडवली. ग्रेंजर यांना पुढे 2003 मध्ये नोबेल मिळालं ते वेगळ्या कामासाठी. पद्धत सरळ आहे. किंमत आपण सांगायची, समोरच्याने फक्त ‘घेईन’ किंवा ‘नाही घेणार’ म्हणायचं. बाजारात ग्राहक हेच करतो. किंमत शोधून काढणं हे त्याचं काम कधीच नसतं.

आकडे ठरले: 110, 130, 150, 170, 190. प्रत्येकाला पहिला आकडा चिठ्ठी काढून द्यायचा. 110 पासून चढत गेलो तर पहिला आकडा डोक्यात बसतो आणि पुढचा प्रत्येक महाग वाटतो. 190 पासून उतरलो तर लोक थांबून राहतात, अजून उतरेल म्हणून. पहिल्या उत्तरावरून एकच पायरी वर किंवा खाली विचारायची आणि थांबायचं. हिशेब मुख्यतः पहिल्या उत्तराचा. दुसरं उत्तर पहिल्याच्या सावलीत दिलेलं असतं, ते फक्त ताळा पाहायला.

प्रश्नाच्या आधी काय बोलायचं यावर जास्त वेळ घातला. इथे मला अलास्काचा दाखला फार मोलाचा वाटतो. 24 मार्च 1989 ला एक्झॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर आदळलं. जो समुद्रकिनारा बहुतेक अमेरिकनांनी कधी पाहिलाही नव्हता, तो वाचवण्याची त्यांच्या लेखी किंमत किती, हे लोकांना विचारून मोजता येईल का, असा वाद उभा राहिला. अमेरिकी सरकारच्या समुद्र आणि हवामान संस्थेने केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेल विजेत्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल 1993 चा. शिफारशी आजही कामाच्या आहेत: समोरासमोर मुलाखत घ्या, उघडा आकडा न विचारता हो-नाही विचारा, उत्तर देणाऱ्याला त्याच्या खर्चाची आठवण करून द्या, आणि पर्यायही दाखवा.

त्यातून आमचं निवेदन असं झालं: “हा तांदूळ घेतलात तर हे पैसे महिन्याच्या किराण्यातूनच जातील. इंद्रायणी आणि दुकानातले इतर तांदूळ आहेतच. अशा पाहणीत पुष्कळ जण सहज हो म्हणतात आणि प्रत्यक्षात घेत नाहीत. आम्हाला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नका. आत्ता पाकीट उघडायचं आहे असं समजून सांगा.” यातल्या इशाऱ्याची कल्पना कमिंग्ज आणि टेलर यांच्या 1999 च्या प्रयोगांतून घेतली आहे.

एक गाळणी सुरुवातीलाच लावली. “घरात तांदूळ कोण आणतं?” आणत नसेल त्याची मुलाखत नाही, कितीही बोलायला उत्सुक असला तरी.

15 ऑक्टोबर

गटाच्या खोलीत फळ्यावर हिशेब. गटाला पद्धत समजल्याशिवाय निकाल त्यांचा होणार नाही, म्हणून काल्पनिक आकडे घेतले. शंभर माणसांत 130 ला 60 जण हो म्हणाले, 150 ला 48, 170 ला 30 असं समजा. गल्ला पाहिला तर 7800, 7200, 5100. तेव्हा 130 चांगला दिसतो. पण किलोला 105 खर्च वजा केला की उरतात 1500, 2160, 1950. आता 150 पुढे गेला.

तात्या बराच वेळ फळ्याकडे बघत होते. मग म्हणाले, “पण साठ माणसांना द्यायला तांदूळ आहे कुठं?”

नेमकं तेच. माल अमर्याद असेल तर मधला ग्राहक शोधायचा. आमचा माल ठरावीक आहे, म्हणून गुढीपाडव्यापर्यंत तेवढाच खपेल असा वरचा भाव शोधायचा. त्यानंतर उन्हाळ्यात वास उतरत जातो. म्हणजे आम्हाला शंभरातली मधली माणसं नकोत, वरच्या टोकाची हवीत. त्यांच्याबद्दलचं अनुमान काटेकोर पाहिजे.

याचा परिणाम थेट नमुन्याच्या आकारावर होतो. नेहमीचा हिशेब असा, की 95 टक्के खात्रीने 10 टक्के इकडे-तिकडे चालत असेल तर प्रत्येक किमतीला साधारण 96 माणसं लागतात, 5 टक्के हवे असतील तर 385. पाच किमतींना प्रत्येकी 96, म्हणजे 480. पण वरच्या किमतीला समजा दहाच टक्के हो म्हणाले, तर 96 माणसांतून कळतं एवढंच की खरं प्रमाण 4 ते 16 च्या दरम्यान कुठेतरी आहे. सोळा म्हणजे माल संपेल, चार म्हणजे पोती पडून राहतील. त्यावर भाव कसा छापायचा? म्हणून 110 ला माणसं कमी केली आणि ती 150 आणि 170 ला वळवली. दुप्पट माणसांनी ते अंतर 6 ते 14 वर येतं. अजून रुंदच आहे, पण खऱ्या पैशांच्या टप्प्याला दिशा द्यायला पुरे.

4 नोव्हेंबर

दिवाळीत मुलाखती बंद ठेवल्या होत्या. फराळाच्या खर्चानंतर किंवा बोनस हातात असताना माणूस नेहमीसारखं उत्तर देत नाही. आता उरलेल्या पूर्ण करायच्या.

18 नोव्हेंबर

झोडणी झाली, आज पहिली भरडाई. गिरणीत उभं राहिलं की कोंड्याची धूळ केसांत बसते आणि तिच्यातूनही वास येतो. गिरणीवाल्या मामांनी पहिली ओंजळ हातात घेऊन त्यावर फुंकर मारली, कणी बाजूला सारली आणि दोन दाणे दाढेखाली धरले. “ओल आहे अजून. आणखी एक ऊन दाखवा.” भात परत अंगणात पसरला. आठवडाभराने पुन्हा भरडाई. कणी जास्त पडली तर शंभर किलोला 62 चा हिशेब बिघडतो, म्हणून घाई केली नाही.

24 नोव्हेंबर

खऱ्या पैशांच्या टप्प्याची रंगीत तालीम. पद्धत गॉर्डन बेकर, मॉरिस डीग्रूट आणि जेकब मार्शाक यांची, 1964 ची. ग्राहकाने कागदावर स्वतःची जास्तीत जास्त किंमत लिहायची. मग बंद डब्यातून चिठ्ठी काढायची, तिच्यावर एक किंमत आहे. चिठ्ठीतली किंमत त्याच्या आकड्याएवढी किंवा कमी असली तर तांदूळ चिठ्ठीतल्या किमतीला मिळतो, आणि घ्यावाच लागतो. जास्त असली तर मिळत नाही.

यात खोटं बोलून फायदा नाही. तुम्ही लिहिलेल्या आकड्यावरून तुम्ही किती द्याल हे ठरत नाही, घेता की नाही एवढंच ठरतं. मुद्दाम कमी लिहिलंत तर आनंदाने दिली असती अशी किंमत निघूनही हात रिकामा. उगाच जास्त लिहिलंत तर नको त्या भावाला गळ्यात. घासाघिशीची सवय आणि शेतकऱ्याची भीड, दोन्हीला इथे जागा राहत नाही.

समजावून सांगणं हेच अवघड काम. शेजारच्या सोसायटीतल्या चार बायकांना बोलावून चिक्कीच्या पाकिटावर आधी सराव घेतला. पहिल्या काकूंनी लगेच विचारलं, “म्हणजे मी चाळीस लिहिले आणि चिठ्ठी पंचवीसची निघाली तर मला पंचवीसलाच?” हो. “मग लिहून टाकते शंभर!” आणि चिठ्ठी नव्वदची निघाली तर? त्या थांबल्या, कागद मागे घेतला आणि पस्तीस लिहिले. चिक्कीचा एक डाव झाल्याशिवाय तांदळाचा डाव कुणालाही द्यायचा नाही हे तिथेच ठरलं.

आणखी काही नियम. डब्यातली सगळ्यात मोठी चिठ्ठी केवढ्याची हे सांगायचं नाही, नाहीतर लोक तिच्याकडे बघून लिहितात. ज्याला चिठ्ठीने तांदूळ मिळाला नाही त्याला त्या दिवशी गटाकडून दुसरीकडूनही मिळता कामा नये. तसं झालं तर हरण्यात काही अर्थच उरणार नाही. आणि तांदूळ पिशवीबंद नसावा. पिशवीवर कमाल किरकोळ किंमत छापणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि तो छापील आकडा एकदा डोळ्यासमोर आला की कागदावर दुसरं काही उतरतच नाही. म्हणून पोतं उघडं, प्रमाणित वजनकाटा, आणि तांदूळ सुट्टा.

8 डिसेंबर

स्टॉल. रविवारचा आठवडे बाजार, सकाळी साडेसातपासून. मागे दोन कुकर सतत चालू. एकात आमचा, एकात दुकानातून आणलेला ‘आंबेमोहोर’. द्रोणांवर फक्त क आणि ख, आणि कोणता आधी द्यायचा ते नाणं उडवून. भात गरम असतानाच द्यायचा, कारण गार झाला की दोघांमधलं अंतर कमी होतं. चव आधी, ओळख नंतर, आकडा शेवटी.

एक आजोबा द्रोण नाकाशी धरून काही वेळ बोललेच नाहीत. मग सुनेला म्हणाले, “तूप आणायला हवं होतं.” सुनेने 160 लिहिले, चिठ्ठी 140 ची निघाली. एका तरुण जोडप्याने 120 लिहिले, चिठ्ठी 130 ची. त्यांनी “दहा रुपये वर देतो की” म्हणून खूप विनवलं. मुलींनी नियम मोडला नाही. अवघड गेलं त्यांना, पण त्यांनी तो मोडला असता तर पुढच्या माणसाचा आकडा खोटा झाला असता. त्या जोडप्याला विक्री सुरू होण्याची तारीख लिहून दिली.

पाहणीत कुठेच नसलेला एक प्रश्न दिवसभर येत राहिला: “अर्धा किलो नाही का?” पहिल्यांदा घेणाऱ्याला चव घरच्यांना दाखवायची असते. मुलींना तो प्रश्न किती जण विचारतात त्याच्या खुणा करायला सांगितल्या.

16 डिसेंबर

दोन्ही टप्पे शेजारी ठेवून वाचले. 110 आणि 130 ला प्रश्नावलीतले हो आणि स्टॉलवरचे आकडे जवळजवळ जुळतात. 150 ला थोडी फट पडते. 170 ला मोठी, आणि 190 ला प्रश्नावलीत हो म्हणणारे होते, स्टॉलवर तसं लिहिणारे अगदी तुरळक. तोंडी आणि खऱ्या किमतीतला फरक सगळीकडे सारखा नाही, वर जावं तसा वाढतो. आणि आम्हाला नेमकं वरचं टोकच हवं होतं. नुसत्या प्रश्नावलीवर थांबलो असतो तर भाव 170 ला गेला असता.

एक सावधगिरी नोंदवते. स्टॉलवर आलेले लोक बाजाराला आलेले होते, पिशवी घेऊन, खर्चाच्या तयारीने. प्रश्नावली सोसायट्यांत झाली. फरकाचा काही भाग माणसांच्या फरकाचाही असणार. शिवाय स्टॉलवर नवा तांदूळ होता आणि प्रश्नावलीच्या वेळी जुना. पण या दोन्ही गोष्टी स्टॉलवरचा आकडा वर नेणाऱ्या आहेत, आणि तरी तो खालीच आला. म्हणून 170 नाही, हा निष्कर्ष मला भक्कम वाटतो.

संध्याकाळी आबांच्या ओसरीवर निर्णय झाला. एक किलोची पिशवी 150 रुपये, त्यात जीएसटी धरून. अर्धा किलोची 80, खुणांची पानं पाहून. पाच किलो यंदा नाही. सभासदाला भाताचे 50 ठरलेच होते, त्यावर काही उरलं तर पाडव्यानंतर वाटायचं. तात्यांनी विचारलं, 150 ला माल फेब्रुवारीतच संपला तर? तर पुढच्या खरिपात आंबेमोहोराखालचं क्षेत्र वाढवायचं, भाव लगेच चढवायचा नाही, असं ठरलं. दर आठवड्याची विक्री आणि परत आलेल्या गिऱ्हाइकांची नोंद आबांची नात वहीत ठेवणार आहे.

पिशव्यांच्या छपाईची ऑर्डर उद्या द्यायची. मानांकनाचं चिन्ह पुढच्या बाजूला, किंमत मागे.